बॅक लागलेल्या पोरांनी बाहेर शिकायला जाऊच नये काय?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी इंजिनिअरिंगचं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारीत भाच्याला आणि भाऊजींना घेऊन धरमपेठेतल्या एका ‘स्टडी अब्रॉड’वाल्याकडे गेलो होतो. काचेचं दार, भिंतीवर लंडनचा पूल, टेबलावर चॉकलेटं. समोर पंचवीस-सव्वीस वर्षांचा काउन्सेलर. पहिला प्रश्न, ‘बॅकलॉग किती?’

पोरगा म्हणाला, ‘सात.’

भाऊजींनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्यांना दोनच माहीत होते. वेकोलित तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, एक शब्द बोलला नाही. काउन्सेलरनं गुणपत्रिका चाळल्या आणि म्हणाला, ‘सात नाही सर, नऊ आहेत.’ आता पोराचाही चेहरा पडला. खरं तर दोघंही बरोबर होते, ते पुढे सांगतो.

मग त्या पोरानं आवाज खाली आणला. ‘जर्मनीचं विसरून जा. यूकेला टाकू. मार्कशीटचं आम्ही बघून घेऊ. एक कन्सॉलिडेटेड बनवून घेऊ, त्यात अटेम्प्ट दिसत नाही. आपला माणूस आहे. चाळीस हजार लागतील.’

मी वीस वर्षं पत्रकारितेत आहे. पैसे मागणारे खूप पाहिले, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. भाऊजींनी विचारलं, ‘चेकनं चालेल काय?’ आयुष्यात रेल्वेचं तिकीट न काढता बसला नाही हा माणूस. पण पोरगा नऊ वेळा नापास झाला हे कळल्यावर पाच मिनिटांत खोटा कागद विकत घ्यायला तयार झाला. एवढी लाज आपण या शब्दाला चिकटवून ठेवली आहे.

मी दोघांनाही उठवलं. खाली टपरीवर चहा घेतला. तिथं सगळं बाहेर आलं. पोरगा आमच्या तालुक्याच्या गावात मराठी माध्यमात शिकलेला. बारावीपर्यंत वर्गात वरचा. नागपुरात हॉस्टेलवर आला आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सेमिस्टरला आपटला. कुणी आजारी नव्हतं, घरात काही संकट नव्हतं. इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यावरून जात होतं, विचारायची लाज वाटत होती, आणि रात्री मोबाईल होता. एम-थ्री तीनदा गेला, चौथ्यांदा निघाला. बाकी सहा पेपर दुसऱ्या वेळेला निघाले. शेवटच्या चार सेमिस्टरला एकही बॅक नाही. एकूण सीजीपीए ७.०.

म्हणजे राहिलेले विषय सात, आणि नापास झाल्याच्या वेळा नऊ. कुणी विषय मोजतं, कुणी अटेम्प्ट मोजतं. बाहेरचं विद्यापीठ नेमकं काय विचारतं ते अर्जात वाचून तसंच लिहायचं, आणि शंका असेल तर दोन्ही आकडे लिहायचे. एवढी साधी गोष्ट कुणी पोरांना सांगत नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ बॅक, म्हणजे अजून न निघालेला, आणि निघालेला, यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. न निघालेला असेल तर डिग्रीच हातात नाही, मग पुढचं सगळं अडतं. निघालेला असेल तर तो फक्त इतिहास आहे. यूकेतली काही विद्यापीठं किती बॅकपर्यंत चालतील ते ठरवून ठेवतात, काही बघतही नाहीत. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सरासरी आणि शेवटच्या दोन वर्षांचा आलेख बघतात.

आता त्या काउन्सेलरनं ‘जर्मनी विसरा’ का म्हटलं, ते नीट समजून घ्या. यूके, ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं एजंटला कमिशन देतात, विद्यार्थ्याच्या फीच्या टक्क्यात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नाही, बाडेन-वुर्टेमबर्गसारख्या राज्यात दर सेमिस्टरला १,५०० युरो घेतात एवढंच. फी नाही तर कमिशन कशाचं? म्हणून पोराला बॅक आहेत म्हटलं की जर्मनीचं दार बंद आणि महागडी दारं उघडी. सगळेच कन्सल्टंट असे नाहीत, दोन-चार सरळ माणसं मलाही माहीत आहेत. पण सल्ला देणाऱ्याचं पोट कुठून भरतं हे आधी विचारावं. आपण भाजीवाल्याला विचारतो, याला नाही.

जर्मनीत गुण कसे बघतात ते सांगतो, कारण हे मला स्वतःला रात्री दोनपर्यंत बसून शिकावं लागलं. तिथे १ म्हणजे सर्वात चांगलं आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्यांच्या मापात बसवायला एक सूत्र आहे, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे. मग जास्तीत जास्त गुणांतून पास होण्याचे किमान गुण वजा करायचे. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. भाच्याचं १० मधून ७ गेले, राहिले ३. पास होण्याचा किमान ग्रेड पॉइंट ४ धरला तर १० मधून ४ गेले, राहिले ६. उत्तर आलं २.५. अनेक अभ्यासक्रमांची सीमा हीच असते, २.५. म्हणजे पोरगा उंबरठ्यावर उभा आहे, पण दारात आहे.

आता गंमत बघा. तिकडच्या माणसाला आपला किमान ग्रेड पॉइंट माहीत नसेल आणि त्यानं ४ ऐवजी ५ धरला, तर उत्तर २.८ येतं. पोरगा बाहेर. अभ्यास तोच, गुण तेच. फक्त एक ओळ कागदावर छापलेली नव्हती म्हणून. या सूत्रात नऊ वेळा नापास झाल्याला जागाच नाही, जागा आहे ती त्या एका ओळीला.

ती ओळ कुणी छापायची? विद्यापीठानं. काही विद्यापीठांच्या गुणपत्रिकेच्या मागे ग्रेडचा तक्ता असतो, काहींच्या नसतो, काहींचा इतका बारीक की झेरॉक्सवर काळा डाग दिसतो. मग वेगळं पत्र मागा. पत्रासाठी अर्ज, अर्जासाठी चलन, चलनासाठी खिडकी, खिडकीला जेवणाची सुट्टी. भाच्याचं विद्यापीठ कोणतं ते इथं लिहीत नाही, कारण हे दुखणं एकट्या त्याचं नाही. ट्रान्सक्रिप्टसाठी तो चारदा गेला. बंद पाकीट, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्का, असं लागतं. तिसऱ्या वेळी पाकीट मिळालं, पण शिक्का राहिला होता.

युरोपात पदवीसोबत ‘डिप्लोमा सप्लिमेंट’ नावाचा एक जोडकागद देतात. युरोपियन कमिशन, कौन्सिल ऑफ युरोप आणि युनेस्कोनं मिळून त्याचा नमुना केला आहे. हा अभ्यासक्रम कोणत्या पातळीचा, ग्रेड कशी द्यायची पद्धत, देशातली शिक्षणाची रचना काय, सगळं त्यात. शिवाय त्या अभ्यासक्रमात कोणती ग्रेड किती टक्के विद्यार्थ्यांना मिळते याचा तक्ताही देतात. विचार करा, आपल्याकडे एम-थ्रीच्या गुणपत्रिकेवर त्या पेपरचा त्या वेळचा एकूण निकाल छापला तर? अर्धा वर्ग ज्या पेपरला बसला त्यात आपटलेला पोरगा आणि सगळे पास झाले तिथं एकटा आपटलेला पोरगा, हे दोघे आज कागदावर सारखेच दिसतात. निकाल विद्यापीठाकडे असतोच. फक्त छापायचा आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सातबाऱ्यापासून जन्मदाखल्यापर्यंत मुदत ठरवून दिली, उशीर झाला तर अपील करता येतं. ट्रान्सक्रिप्ट, बॅकलॉगचं प्रमाणपत्र, ग्रेडचं पत्र, ही तिन्ही कागदं प्रत्येक विद्यापीठानं त्या कायद्याखाली मुदतीसह अधिसूचित करावी आणि मुदत खिडकीवर लिहावी. आमदार, सिनेट सदस्य हे वाचत असतील तर हा विषय फुकटात घ्या. पुतळ्याच्या मागणीपेक्षा पोरांचं जास्त भलं होईल.

आता खोट्या कागदाकडे येतो, कारण चाळीस हजारांत काम होतं असं ऐकून इनबॉक्समध्ये विचारणारे दोघं-तिघं निघतीलच.

यूकेच्या व्हिसासाठी खोटा कागद सापडला तर दहा वर्षं दार बंद. कॅनडात पाच वर्षं. अमेरिकेत एकदा खोटेपणाचा शिक्का बसला की तो आयुष्यभर राहतो, सूट मिळवणं फार कठीण. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय पोरांवर परत पाठवण्याची वेळ आली होती, त्यात बहुतेक पंजाबची. जालंधरच्या एजंटानं दिलेली प्रवेशपत्रंच बनावट निघाली. बऱ्याच पोरांना ते माहीतही नव्हतं, तिथं शिकून झाल्यावर, नोकरीला लागल्यावर कळलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लेहाय विद्यापीठात शिकणारा एक भारतीय विद्यार्थी पकडला गेला. त्यानं गुणपत्रिका खोट्या केल्या होत्या, आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळावी म्हणून जिवंत बापाचा मृत्यूचा दाखलाही. हे सगळं त्यानं स्वतःच नाव न सांगता इंटरनेटवर बढाईनं लिहिलं होतं. कुणीतरी वाचलं आणि माग काढला. प्रवेश गेला, अटक झाली, परत यावं लागलं. जर्मनीला तर १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्याला एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. १८ हजार रुपये फी, आणि तुमची कागदपत्रं खरी की खोटी ते तपासणं हेच त्यांचं काम.

आपल्या नागपूरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. १९९९ साली नागपूर विद्यापीठातला गुणवाढीचा घोटाळा बाहेर आला तेव्हा मी कॉलेजात होतो. पैसे देऊन गुण वाढवून घेणारे थोडे होते. पण टोमणे रात्र-रात्र जागून पास झालेल्यांनीही खाल्ले. ‘नागपूरची डिग्री काय?’ असं हसून विचारायचे लोक. एकाच्या खोट्या कागदाचं बिल शंभर खऱ्या पोरांच्या नावावर फाटतं.

आणि हो, मी स्वतः बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला फिजिक्समध्ये नापास झालो होतो. आबांना सांगितलं नाही, गुणपत्रिका पेटीत कपड्यांखाली ठेवली. आईला धुण्याच्या दिवशी सापडली. पुढे पत्रकारितेची पदविका केली, त्या अर्जात ‘अनुत्तीर्ण झाला असल्यास कारण’ असा रकाना होता. मी ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिलं. साफ खोटं. क्रिकेट खेळत होतो मी. तेव्हा कुणी तपासलं नाही म्हणून आज भाच्याला शहाणपण सांगून राहिलो, हेही खरंच आहे.

सरकारचंही थोडं बघू. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठीची योजना. विदर्भातल्या कितीतरी घरांतलं पहिलं पासपोर्ट या योजनेमुळं निघालं. २०२४ च्या जूनमध्ये या योजनेच्या अटी बदलल्या, त्यात ७५ टक्के गुणांची अट आणि फीवर मर्यादा होती. ओरड झाली, नागपुरातूनही झाली, आणि सरकारला मागं यावं लागलं. पण अशी अट कुणाला तरी सुचते कशी, हा माझा प्रश्न आहे. बाहेरचं नामांकित विद्यापीठ ज्या पोराला घ्यायला तयार आहे, त्याला मंत्रालयातला टक्का अडवणार?

दीक्षाभूमीच्या शहरात हे बोलताना एक आकडा आठवतोच. १९०७ च्या मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते. ३८ टक्केही नाहीत. तेव्हाचं मॅट्रिक म्हणजे काय होतं आणि त्या पोरानं ते कुठून दिलं, हे माहीत असलेल्याला त्या आकड्याचा अर्थ कळतो, नुसता आकडा बघणाऱ्याला नाही. १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्त करायला परत दिला होता. दुरुस्त केला, पुन्हा दिला, १९२३ ला डी.एस्सी. मिळाली.

रामानुजनचंही तेच. एफ.ए. ची परीक्षा काही निघाली नाही, गणित सोडून बाकी विषयात आपटले. डिग्री नसताना मद्रास विद्यापीठानं १९१३ मध्ये महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोचले. नियमाला अपवाद करायची हिंमत तेव्हाच्या बाबूंमध्ये होती.

आता कुणी म्हणेल, तू सगळ्या नापास पोरांना बाबासाहेब नि रामानुजन करून राहिला. नाही हो. माझा भाचा रामानुजन नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत तर त्यानं एम-थ्रीचं पुस्तकही नीट उघडलं नव्हतं. आणि उलट बाजूही त्याला सांगितली. जर्मनीत नापास होणं नवीन नाही, तिथलीही पोरं गणितात धडाधड आपटतात. पण बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की कायमचं नापास, विद्यापीठातून नाव कमी, आणि त्याच विषयाला देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेत नाहीत. आपल्यासारखं ‘हिवाळीत काढू, नाहीतर उन्हाळीत काढू’ चालत नाही. चौथ्या वेळेला एम-थ्री काढणाऱ्या पोरानं तिथं जायचं तर हे आधी स्वतःला विचारायला पाहिजे. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात. भाऊजी त्यासाठी बेसा रोडवरचा प्लॉट गहाण टाकायला निघालेत. बापाचा प्लॉट नि पोराच्या तीन संधी, दोन्ही एकाच तराजूत आहेत.

त्याला मी हे विचारलं. थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, ‘मामा, एम-थ्री मी चौथ्यांदा काढला तेव्हा पहिल्यांदा समजून काढला. त्याच्यानंतर एकही गेला नाही.’ मग त्याच वाक्यावर आम्ही अर्ज लिहिला. त्यात तीन ओळी बॅकच्या. दुसऱ्या ते चौथ्या सेमिस्टरमध्ये सात विषयांत नापास झालो, एकात तीनदा. मराठी माध्यमातून आल्यावर इंग्रजीत शिकायची सवय नव्हती आणि मी वेळेवर मदत मागितली नाही. पाचव्या सेमिस्टरपासून सगळे विषय पहिल्या वेळेला निघाले. बस. रडगाणं नाही, कॉलेजला शिव्या नाहीत. त्यानं आधी लिहिलेल्या मसुद्यात दीड पान नुसती कारणं होती, त्यात आजीला डेंगी झाल्याचंही होतं. आजी ठणठणीत आहे, परवाच माझ्याशी भांडली. ते काढून टाकलं.

नापास झालेल्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकाही सगळ्या लावल्या. नुसती कन्सॉलिडेटेड लावली तर लपवतोय असा वास येतो, कारण त्यात बरेचदा शेवटचे गुणच असतात. एका विषयाच्या चार गुणपत्रिका बघून तिकडचा माणूस काय म्हणेल, ते तोच जाणे. भाऊजी म्हणाले, ‘एवढी शोभा कशाला?’ मी म्हटलं, तुमच्यापासून लपवली तेवढी पुरे.

त्या दिवशी टपरीवर भाऊजींनी पोराला एकच विचारलं होतं, ‘मले काऊन नाही सांगितलं?’ पोरानं उत्तर दिलं नाही. मीच मध्ये पडलो, माझ्या पेटीतल्या गुणपत्रिकेची गोष्ट सांगितली. ताईला ती माहीत होती, भाऊजींना इतक्या वर्षांत नव्हती. हसले. चहाचे पैसे त्यांनी दिले.

आजची परिस्थिती अशी. एपीएस हातात आलं. चार ठिकाणी अर्ज तयार आहेत, बहुतेकांची शेवटची तारीख १५ जुलै. यूनि-असिस्टमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०, तेही भरून झाले. अडलं आहे ते किमान ग्रेड पॉइंट ४ आहे हे सांगणाऱ्या विद्यापीठाच्या एका ओळीच्या पत्रावर. नवतपात दोन चकरा झाल्या, ‘साहेब रजेवर आहेत’. सोमवारी मी सोबत जाणार आहे.

तुमच्यापैकी कुणी असं पत्र आपल्या विद्यापीठातून मिळवलं असेल तर कुणाच्या नावे अर्ज केला, किती दिवस लागले, ते खाली लिहा. शक्य असेल तर नाव झाकून मसुद्याचा फोटो टाका. माझ्याकडे अजून तीन घरांतून फोन आले आहेत, त्यांनाही तेच पत्र पाहिजे.